चौथ्या भागात शेत हरवतं

शेतीवरची मराठी वेब-कादंबरी तीन भाग शेतात असते. चौथ्या भागात तिला पुण्याची गाडी मिळते आणि ती परत येत नाही.

कथांची ॲप्स वाचत असाल तर हा प्रवास तुमच्या अंगठ्याला पाठ असेल. साल २०६० किंवा २०७५. नदी आटलेली, नाहीतर फुगलेली. नायक कृषी पदवीधर, वडील कर्जात, आई अबोल. घरामागच्या दोन एकरांत तो आजवर कोणी न केलेलं काहीतरी करतो. हवेतून पाणी ओढणारं रोप, बोलणारी माती, रात्रीत पिकणारं बियाणं. आपण सरसावून बसतो. दुसऱ्या भागात गाव हसतं. तिसऱ्यात कोंब येतो. चौथ्यात शहरातली कंपनी येते आणि कंपनीच्या मालकाला एक मुलगी असते. सातव्यात अपहरण, बाराव्यात स्मृतिभ्रंश, पंचविसाव्यात नायकाचा जुळा भाऊ. चाळिसाव्या भागाखाली वाचक विचारत असतात, ‘लग्न कधी?’ त्या कोंबाचं पुढे काय झालं, हे कुणीच विचारत नाही.

कुठल्या एका मालिकेचं नाव मी घेत नाही. लिहिणारी बरीच मुलंमुली विशीतली आहेत, नोकरी नाहीतर परीक्षा सांभाळून फोनवर लिहितात. त्यातल्या एकाला धरून झोडपण्यात मर्दुमकी नाही. साचा सगळ्यांचा आहे, त्यामुळे भांडण साच्याशी.

माझं म्हणणं असं की शेतीची विज्ञानकथा शेत सोडून जाते तेव्हा तिने पहिल्या भागात दिलेला शब्द मोडलेला असतो. शिवाय कराड, इस्लामपूर, पलूस, विटा या पट्ट्यात वाढलेल्या वाचकाला ती एक जुनीच शिकवण नव्या कपड्यांत देते. शेत म्हणजे जिथून निघायचं ते ठिकाण. हे आपल्याला घरात सांगितलं, शाळेत सांगितलं, लग्न जमवताना तर फारच स्पष्ट सांगितलं. आता २०७५ सालची गोष्टसुद्धा तेच सांगणार असेल तर तिला भविष्याची गोष्ट का म्हणायचं?

शब्द कुठला?

विज्ञानकथेचा वाचकाशी एक साधा करार असतो. लेखकाने जगातली एखादी गोष्ट बदलायची आणि मग तिचे परिणाम पळ न काढता दाखवायचे. हवेतून पाणी ओढणारं रोप आणलंस ना, मग शेजारच्या शेतातली हवा कोरडी होईल का ते सांग. त्यावरून बांधावर भांडण होईल का? तलाठी त्याची नोंद कशी करेल? पाणीपट्टी कोणाला लागेल? पहिल्या भागातल्या एका वाक्यातून हे प्रश्न आपोआप उगवतात. त्यांच्याकडे पाठ फिरवून मालकाच्या मुलीकडे वळणं म्हणजे रात्री पाट फोडून पाणी भलत्याच वावरात सोडणं.

शेतीत तर हा करार आणखी कडक होतो, कारण शेतीतला परिणाम लवकर येत नाही आणि आल्यावाचून राहत नाही. आपल्याकडचा आडसाली ऊस घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये लागण. मग उगवण, फुटवे, बाळबांधणी, मोठी बांधणी. तोड सोळा ते अठरा महिन्यांनी. एका लागणीत दोन पावसाळे आणि एक उन्हाळा. आठवड्याला एक भाग टाकला तर अठरा महिन्यांत ७८ भाग होतात. मालिका लिहिणाऱ्याला एवढा तयार आराखडा दुसरं कुठलं पीक देईल?

‘पण शेतात घडतं काय?’ हा प्रश्न ज्याने रात्री दोनला मोटर चालू करायला बॅटरी घेऊन वाट तुडवली नाही, तोच विचारू शकतो. वीज रात्रीची, पाण्याची पाळी आजची, आणि उसात बिबट्या. कराड तालुक्यात तोड चालू असताना सरीत बिबट्याचे बछडे सापडतात. वन खातं ते तिथेच ठेवून मादीची वाट बघतं, आणि ती येऊन त्यांना उचलून नेते. त्या मादीला जंगल म्हणजे ऊसच. अठरा महिने कोणी फारसं आत शिरत नाही, गारवा असतो, पाणी असतं, गावची कुत्री असतात. माणसाने साखरेसाठी एक पीक लावलं आणि त्यात एका जंगली जनावराची नवी पिढी जन्माला आली. हे कुणी लिहून दाखवलं असतं तर आपण म्हणालो असतो, कल्पना भारी आहे, पण जरा अतिच होतंय.

पुढे बघा. ऊस तयार आहे आणि टोळी येत नाही. कारखान्याचा प्रोग्राम पुढे सरकत नाही, उसाला तुरा येतो, वजन घटायला लागतं. चिटबॉयच्या मागे फिरणारा बाप, ट्रॅक्टरवाल्याची मिनतवारी, शेजाऱ्याची तोड आधी कशी आली यावरचा संशय. पुढचा भाग वाचायला लावणारा ताण यापेक्षा वेगळा काय असतो? इथे जुळा भाऊ कशाला लागतो?

वेबवरच लिहिली गेलेली, शब्द पाळणारी गोष्ट

‘मालिकेत हे जमत नाही, वाचक पळतो,’ असं सांगणाऱ्यांना एक उदाहरण पुरेसं आहे. अँडी वीअरची ‘द मार्शियन’. सिनेमा तुम्ही पाहिला असेल. मूळ कादंबरी कुठल्या मोठ्या प्रकाशकाने काढलेली नव्हती. २००९ पासून वीअर ती स्वतःच्या वेबसाइटवर एकेक प्रकरण करून फुकट टाकत होता. वाचक चुका दाखवायचे, तो दुरुस्त करायचा. २०११ मध्ये वाचकांच्याच आग्रहावरून ती किंडलवर ९९ सेंटला आली. छापील पुस्तक २०१४ मध्ये, सिनेमा २०१५ मध्ये. म्हणजे ही अस्सल वेब-कादंबरी.

तिचा गाभा काय? मंगळावर एकटा अडकलेला माणूस बटाटे लावतो. माती मंगळाची, त्यात मिसळायला पृथ्वीवरून नमुना म्हणून आणलेली थोडीशी जिवंत माती, खत स्वतःच्या विष्ठेचं, पाणी रॉकेटच्या इंधनापासून केलेलं. किती जमीन, किती बटाटे, किती कॅलरी, किती दिवस हा हिशेब तो पानोपानी मांडतो. मग एका स्फोटात त्याच्या निवाऱ्याचा दरवाजा उडतो आणि सगळं पीक गोठून मरतं. शेत संपलं, पण लेखक शेत विसरत नाही. त्यानंतरची प्रत्येक अडचण, प्रत्येक घाई, पृथ्वीवरून निघालेलं प्रत्येक यान त्या मेलेल्या पिकाच्या वजाबाकीतून येतं. वाचक शेवटपर्यंत उरलेले बटाटे मोजत राहतो. या कादंबरीत प्रेमकथा नाही, खलनायकही नाही, तरी जगभर लोकांनी ती रात्र जागून वाचली.

आणखी मागे जा. रॉबर्ट हाइनलाइनची १९५० ची ‘फार्मर इन द स्काय’. गुरूच्या गॅनिमीड या चंद्रावर गेलेलं एक कुटुंब खडक फोडून, त्याचा चुरा करून, त्यात जिवाणू कालवून माती तयार करतं. माती करणं हेच त्या पुस्तकातलं साहस. मग भूकंप होतो आणि केलेलं पुष्कळसं जातं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या कोयनेच्या गोष्टी आजीकडून ऐकलेल्या पाटण-कराडच्या मुलाला त्या पुस्तकात परकं काय वाटेल?

शेत सोडून गेलेली गोष्टही दाखवतो, म्हणजे दोष फक्त आपल्याकडच्या पोरांचा आहे असं वाटणार नाही. ‘इंटरस्टेलर’ मनापासून आवडणाऱ्यांनी रागावू नये. सिनेमा सुरू होतो तेव्हा पिकांवर रोग पडलाय. गहू गेला, भेंडी जातेय, मका तेवढा उरलाय. शाळा मुलांना सांगते की जगाला इंजिनिअर नकोत, शेतकरी हवेत. काय जबरदस्त सुरुवात आहे! मग नायक यानात बसतो आणि त्या रोगाचं पुढे काहीच होत नाही. कुणी त्याच्याशी झुंजत नाही, कुणी त्याला ओळखत नाही. माणूस गुरुत्वाकर्षणाचं कोडं सोडवून पृथ्वीच सोडतो, आणि शेवटी नायकाचं शेतघर अंतराळ वसाहतीत संग्रहालय बनून बसतं. तीन तासांच्या हुशारीनंतर उत्तर काय मिळालं, तर शेत सोडा. हे उत्तर आमच्याकडे तिकीट न काढता मिळत होतं.

जपानी ॲनिमे बघणाऱ्यांना ‘इसेकाई नोनबिरी नोका’ माहीत असेल. तीही आधी वेबवरची मालिकाच होती. मेलेल्या माणसाला देव दुसऱ्या जगात पाठवतो आणि एक सर्वशक्तिमान अवजार देतो. त्याने जमीन खणली की मनात येईल ते उगवतं. गंमत म्हणून छान आहे. पण ज्या क्षणी अवजार चुकत नाही असं ठरलं, त्या क्षणी शेती संपली. मग लेखकाकडे भरायला उरतात पऱ्या, ड्रॅगन आणि वाढत जाणारं गाव. आपल्या मालिकांमधलं ‘रात्रीत पिकणारं बियाणं’ याच जातीचं. ते आणलं की भाग चारमध्ये लिहायला शेतातलं काही राहतच नाही, आणि लेखकाला पुण्याची गाडी धरावीच लागते. म्हणजे घात चौथ्या भागात दिसतो, पण तो झालेला असतो पहिल्याच भागात, बियाणं निवडताना.

कृष्णाकाठी मालाची टंचाई नाही

आता ‘आपल्याकडे विज्ञानकथेला लागेल असं काय आहे?’ हा दुसरा बहाणा. तो कराडमध्ये बसून करणाऱ्याने आधी गावाबाहेर जावं.

२००२ साल. सांगली जिल्ह्यातल्या उसाच्या पानांखाली पांढरं, कापसासारखं काहीतरी दिसायला लागलं. लोकरी मावा. तोवर तो इकडच्या शेतकऱ्याने पाहिलेला नव्हता. पानातला रस शोषायचा, खाली चिकट गोड द्रव गाळायचा, त्या द्रवावर काळी बुरशी चढायची. वरून हिरवा, खालून पांढरा आणि मग काळा पडत जाणारा ऊस. उभ्या उसात शिरून फवारायचं कसं? माणसाच्या डोक्यावरून गेलेलं पीक ते. बघता बघता तो महाराष्ट्र-कर्नाटकात पसरला. मग त्याला आवरायला पुढे आले कीटकच. डिफा नावाच्या पतंगाच्या अळ्या, मायक्रोमस, सिरफिड माशी. हे मावा खाणारे जीव वाढवले गेले, शेताशेतांत सोडले गेले, आणि माव्याचा जोर ओसरला. परग्रहावरून आल्यासारखा पांढरा शत्रू, निकामी ठरणारी शस्त्रं, आणि पानावर लपलेली न दिसणारी सेना. वीस वर्षांपूर्वी आपल्या वावरात घडलेली ही गोष्ट आपल्या विज्ञानकथेत कुठे आहे?

टेंभू घ्या. कराडच्या खाली कृष्णेकाठचं गाव. गोपाळ गणेश आगरकर १८५६ मध्ये इथे जन्मले. त्याच गावाच्या नावाची उपसा सिंचन योजना आज कृष्णेचं पाणी पंपांनी टप्प्याटप्प्याने वर चढवत खानापूर, आटपाडी, सांगोल्याकडे नेते. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ ची. तिचा शेवट दुष्काळाने ओस पडणाऱ्या वाडीत होतो, तो मुलूख हाच. ज्या माणदेशातून मेंढरं घेऊन माणसं पाण्याच्या शोधात खाली उतरायची, तिथे आता पाणी डोंगर चढून येतंय. नदी उलटी वाहायला लावणं ही विज्ञानकथा नाही तर काय? तिचे परिणाम बघा. पंपांचं वीजबिल कोणी भरायचं यावरचे वाद. ज्वारी-बाजरीच्या जमिनीत उसाचा मोह. पाणी पोचलेला भाऊ आणि कालव्याच्या वरच्या अंगाला राहिलेला भाऊ. ४० वर्षांनी तिथली माती कशी असेल?

त्या शेवटच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर खाली नदीकाठी तयारच आहे. वाळवा, मिरज, पलूस, पुढे शिरोळ. पाणी देऊन देऊन जमीन चोपण झाली, मीठ वर आलं. कधीकाळी सोन्याच्या भावाच्या रानात आज कुसळ उगवत नाही. उपाय म्हणून शेतकरी जमिनीच्या पोटात छिद्रांचे पाईप पुरतात आणि माती धुऊन मीठ बाहेर काढतात. मंगळावर माती तयार करणाऱ्या नायकाला टाळ्या वाजवणारे आपण, मेलेली माती जिवंत करणाऱ्या माणसाला पात्र म्हणूनही घेत नाही.

आणि कोयता. ऊसतोडीच्या भाषेत नवरा-बायकोची जोडी मोजायचं एकक म्हणजे एक कोयता. बीडकडून ही माणसं उचल घेऊन येतात आणि चार-सहा महिने पालांत राहतात. आता तोडणी यंत्रं वाढताहेत. तुमच्या २०६० सालात कोयता उरलाय का? नसेल तर ती जोडी कुठे गेली? उचल फिटली का? यंत्राच्या चालकाच्या खोलीत कोण बसलंय? एक चांगली कादंबरी या चार प्रश्नांवर उभी राहते. पण आपल्या मालिकांत २०६० साली ऊस आपोआप तुटतो, आणि माणसं आपोआप नाहीशी होतात.

बायकांचं तर विचारूच नका. भांगलण, लागण, बियाणं निवडणं हे सगळं ज्यांच्या हातांनी होतं त्या आपल्या मालिकांमध्ये अबोल आई असतात. नायिका मात्र चौथ्या भागात कारमधून उतरते. सातबाऱ्यावर नाव नसलेली बाई भविष्यातल्या गोष्टीतही नावावाचून राहणार असेल तर तुमचं भविष्य फार मागासलेलं आहे.

दोन नद्या भेटल्याच नाहीत

हे सगळं नव्या लेखकांच्या डोक्यावर फोडणं सोपं आहे. पण त्यांच्या हातात परंपरेने दिलं काय? मराठी विज्ञानकथेला प्रतिष्ठा मिळवून दिली जयंत नारळीकरांनी. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा टोपणनावाने पाठवली होती. त्यांचा जन्म कोल्हापूरचा, पण त्यांच्या कथेचं जग शास्त्रज्ञांचं, वेधशाळांचं, प्रयोगशाळांचं. ते त्यांचं खरं जग होतं, त्यात काही गैर नाही. गैर आहे ते नंतर आलेल्यांनी हेच विज्ञानकथेचं एकमेव घर मानणं. आजच्या मालिकेतल्या नायकाला शोध लागल्याबरोबर शहरातल्या काचेच्या इमारतीत जावंसं वाटतं, त्याची मुळं या समजुतीत आहेत.

दुसरीकडे ग्रामीण साहित्य. तिथे माती भरपूर होती, घाम होता, भाषा होती. आणि तिथेच, विज्ञानकथा असं कुठेही न म्हणता, मराठीतली सगळ्यात चोख शेती-तंत्रज्ञानाची कादंबरी लिहिली गेली. आनंद यादवांची ‘गोतावळा’, १९७१. नारबा नावाचा गडी, मालकाचा मळा, त्याच्या जिवाभावाची जनावरं, आणि मळ्यात येणारा ट्रॅक्टर. जगातली एक गोष्ट बदलली. परिणाम? बैल जातात. गोठा रिकामा होत जातो. नारबाचं बोलायचं माणूसच उरत नाही, कारण त्याची बोलायची माणसं जनावरं होती. यादव मळा सोडून कुठेही जात नाहीत. कागलकडच्या या लेखकाने विज्ञानकथेचा करार शब्दशः पाळला. फक्त ग्रंथालयात ते पुस्तक वेगळ्या कपाटात ठेवलं गेलं.

तंत्र आणि साहित्य आपल्याकडे कायमच वेगळी होती असंही नाही. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आजच्या पलूस तालुक्यातल्या माळरानावर कारखाना उभा केला. त्यांचा लोखंडी नांगर विकत घ्यायला सुरुवातीला शेतकरी तयार नव्हते. लोखंडाने जमीन नासेल असा समज होता. याच कारखान्यातून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघालं आणि त्याचं पुढे मराठीतलं एक मोठं मासिक झालं. नांगर करणाऱ्यांनी काढलेल्या मासिकात मराठी माणूस कथा वाचत होता. शंभर वर्षांनंतर आपल्या हातातल्या फोनमध्ये पिकाचं ॲपही आहे आणि कथेचं ॲपही आहे, पण दोघांची ओळख नाही. कृष्णा आणि कोयना कराडला समोरासमोर येऊन भेटतात. आपल्या या दोन नद्या शेजारून वाहत गेल्या.

‘वाचकाला हेच हवंय’

आता उलट बाजू. मालिका लिहिणाऱ्याचा हिशेब मला कळतो. रोज भाग टाकावा लागतो. वळण नसेल तर वाचक पुढचा भाग उघडत नाही. प्रेमकथेला स्टिकर पडतात, बांधणीला पडत नाहीत. आणि कथा म्हणजे काही कृषी खात्याची पुस्तिका नव्हे, हेही खरंच.

पण पुस्तिका कोण मागतंय? प्रेम हवं तर प्रेम करा. रात्रीच्या पाळीला दोघं एकाच पाटावर भेटू देत, आणि त्या रात्री ती त्याचं पाणी तोडते की त्याला देते हे आम्हाला कळू दे. खलनायक हवा तर काटा मारणारा आणा. शेतकऱ्याला टनावर पैसे हवेत, कारखान्याचं लक्ष साखरेच्या उताऱ्यावर. या एका ताणावर घरं फुटलीत, निवडणुका लढल्या गेल्यात, रस्ते अडलेत. वळण हवं तर २०१९ आणि २०२१ चे पूर आठवा, जेव्हा उभ्या पिकावरून नदी गेली. प्रत्येक भागाला धक्का देण्याइतकं शेतात आहे. फक्त त्यासाठी लेखकाला शेतात थांबावं लागतं, आणि थांबायचं तर तिथलं थोडं माहीत करून घ्यावं लागतं. वीअरने कॅलरी मोजल्या. तुम्ही निदान खोडवा म्हणजे काय ते बापाला विचारा.

वाचकाला हेच हवंय, हे विधान तर मला वाचकाचा अपमान वाटतं. मंगळावरचे बटाटे मोजणारा वाचक कराडच्या एसटी स्टँडवरही बसलेला असतो. त्याला त्याच्याच वावरातली गोष्ट कुणी तेवढ्या नेटाने सांगितलेली नाही, म्हणून तो लग्नाची तारीख विचारतो.

गोष्ट आपण लिहिली नाही तर

ही निव्वळ साहित्यिक कुरकुर असती तर एवढं ताणलं नसतं. पण शेतीच्या भविष्याची गोष्ट आत्ता, या क्षणी, लिहिली जातेय. बारामतीच्या कृषी विकास ट्रस्टच्या प्रयोगात ऊस एआयच्या सल्ल्याने वाढवला जातोय. जमिनीत सेन्सर, शेतात हवामान केंद्र, वर उपग्रह, आणि फोनवर आज किती पाणी द्यायचं याची सूचना. जानेवारी २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या सत्या नडेलांनी त्याचा जाहीर उल्लेख केला. त्याच वर्षी राज्य सरकारने २०२५ ते २०२९ साठी महाॲग्री-एआय धोरण मंजूर केलं. प्रयोग चांगले असतील, उत्पादन वाढेल, पाणी वाचेल. मी त्याच्या विरोधात नाही. पण कुठल्याही योजनेच्या व्हिडिओमध्ये शेतकरी हसतो आणि व्हिडिओ संपतो. तीही चौथ्या भागाआधीच थांबलेली गोष्ट आहे.

पुढचे भाग कोण लिहिणार? उसाचा उतारा उपग्रहावरून शेतकऱ्याच्या आधी कारखान्याला कळला तर तोडीचा क्रम कोण ठरवेल? सल्ला चुकला आणि लागण गेली तर भरपाई कोण देईल? बारा गुंठेवाल्याच्या रानात सेन्सर लागेल, की तो शेजाऱ्याच्या सेन्सरवर अंदाज बांधेल? दोन भावांच्या वाटणीत माहितीची वाटणी कशी होईल? शासनाच्या धोरणात हे प्रश्न कलम म्हणून येतात. ते कादंबरीत माणूस होऊन येतात, आणि ते घडण्याआधी येतात. विज्ञानकथेचा समाजाला उपयोग असतो तो इथे. आपली विज्ञानकथा त्या वेळी पुण्यात जुळ्या भावाचं अपहरण सोडवत असेल तर शेताचं भविष्य फक्त विकणाऱ्यांच्या तोंडून ऐकावं लागेल.

म्हणून मागणी अगदी साधी आहे. लिहिणाऱ्यांनो, एक लागण पूर्ण लिहा. लागणीपासून तोडीपर्यंत, जमल्यास खोडव्यापर्यंत. शोध असा निवडा जो चुकू शकतो. कंपनीची गाडी येऊ दे, पण तिला वावरातच उभी करा, चिखलात रुतू द्या, आणि मालकाच्या मुलीला ती ढकलायला लावा.

वाचणाऱ्यांनो, तुमच्या हातातही काही आहे. या मालिका तुमच्या प्रतिक्रियांवर वाढतात, वळतात. वीअरच्या वाचकांनी त्याचं रसायनशास्त्र तपासलं, तुम्ही आपल्या लेखकाचं पाणी तपासा. पुढच्या वेळी चौथ्या भागात गाडी आली आणि नायक तिच्यात बसला, की खाली लग्नाची तारीख विचारू नका. एवढंच लिहा: ‘दादा, ताई, तो गेला ते ठीक. आज त्याच्या पाण्याची पाळी होती. मोटर कोणी चालू केली?’